जुन्या गाडीचा पाना कोणाच्या हाती?

एका वाचकाच्या पत्राचा सारांश असा: दोन वर्षांपूर्वी त्यांनी 1968 सालची फोक्सवॅगन बीटल विकत घेतली. ते व्यवसायाने हिशेबनीस आहेत आणि यंत्रांशी त्यांचा याआधी कधी संबंध आलेला नव्हता. गाडीचे सगळे काम एका वयस्कर, विश्वासू मेकॅनिककडे असते. पण तिथे रांग मोठी, त्यामुळे गाडी आत गेली की महिना-दीड महिना बाहेर येत नाही. मध्यंतरी कंटाळून त्यांनी व्हिडिओ पाहून सीबी पॉइंट (इंजिनाला ठिणगी पुरवणारे, उघडझाप होणारे विद्युत संपर्क) स्वतः बदलले. गाडी लगेच सुरू झाली आणि तेव्हापासून ‘सगळेच आपण का करू नये’ हा विचार डोक्यातून जात नाही. जुन्या गाड्यांच्या मित्रमंडळात त्यांना वरचेवर ऐकवले जाते की, जो स्वतःचे हात काळे करत नाही तो नुसता मालक, शौकीन नव्हे. पत्नीला मात्र या उद्योगाची धास्ती वाटते. सध्या गाडीच्या तीन तक्रारी आहेत: ब्रेकचे पेडल पहिल्या दाबात खोल जाते आणि लगेच पुन्हा दाबले की वर येते, इंजिनाखाली तेलाचे थेंब पडतात, आणि टॅपेट सेट करणे (झडपांची फट जुळवणे) बाकी आहे. सगळे स्वतः शिकावे की हा नाद सोडून सगळे मेकॅनिकवर सोपवावे, असा त्यांचा प्रश्न आहे. पॉइंट आपण बदलल्याचे मेकॅनिकना सांगायला संकोच वाटतो, हेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे.

सप्रेम नमस्कार,

पत्राच्या शेवटी तुम्ही ‘सगळे की काहीच नाही’ असा एकच प्रश्न विचारला आहे. त्याच पत्रात तुम्ही तीन तक्रारी मांडल्या आहेत आणि माझ्या मते त्या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. म्हणून काम कोणी करायचे हे ठरवण्याआधी काम कोणत्या जातीचे आहे, ते पाहू. प्रत्येक कामापाशी थांबून स्वतःला इतकेच विचारा: यात माझ्या हातून चूक झाली, तर ती मला कधी आणि कुठे कळेल?

पॉइंट बदलण्याचे काम या प्रश्नाला लावून पाहा. पॉइंटमधली फट साधारण 0.4 मिलिमीटर लागते. ती फार कमी-जास्त झाली, तर गाडी सुरूच होत नाही किंवा सुरू झाली तरी अडखळते, आणि हे सगळे गाडी जागेवर उभी असताना, हँडब्रेक ओढलेला असताना कळते. मग पॉइंट ज्यात असतात त्या डिस्ट्रिब्यूटरचे झाकण पुन्हा काढायचे, फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालून फट मोजायची आणि स्क्रू सैल करून ती नीट बसवायची; फार तर एक सकाळ वाया जाते. तुमच्या यशात तुमच्या चिकाटीचा वाटा आहेच, पण ते कामही नवशिक्याला सांभाळून घेणारे होते. त्या यशावरून ब्रेकच्या कामाचा अंदाज बांधता येत नाही, कारण ब्रेकमधली चूक कळते ती गाडी वेगात असताना, समोर कोणी आडवे आल्यावर. तिसरी जात याहून फसवी आहे. तिच्यात चूक आज होते, गाडी मजेत धावत राहते आणि परिणाम कित्येक महिन्यांनी बाहेर पडतो. तोवर मूळ चूक कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते.

आता ब्रेककडे येऊ, कारण तुमच्या तीन तक्रारींत तातडीची हीच आहे आणि पत्रात तुम्ही ती इतर दोन तक्रारींच्या रांगेत बसवून टाकली आहे. ड्रम ब्रेकच्या गाडीत पेडल पहिल्यांदा खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर येत असेल, तर बहुतेक वेळा लायनिंग (घासणारा थर) झिजून ते धरणारे शू चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमपासून लांब गेलेले असतात. तो दोष खरोखरच साधा आहे. ड्रमच्या मागच्या पत्र्याला, काही वर्षांच्या गाड्यांत ड्रमलाच, एक छिद्र असते. त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून दातेरी अ‍ॅडजस्टर फिरवायचा, चाक हाताने फिरवत शू घासू लागेपर्यंत पुढे न्यायचा आणि चाक मोकळे फिरेल इतका मागे घ्यायचा. व्हिडिओत तुम्ही हे पाहिलेही असेल. मात्र पेडलची भाषा एवढ्यावर संपत नाही. पायाखाली पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर नळ्यांत हवा आहे. पेडलवर पाय स्थिर दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या भागाच्या) आतले रबर दाब धरत नाही किंवा कुठेतरी ब्रेक ऑइल गळते आहे. हा फरक पायाने ओळखायचा असतो, आणि ज्याने निरोगी पेडल कसे लागते हे शेकडो गाड्यांत अनुभवले आहे, त्याला तो चटकन कळतो. दोन वर्षे एकच गाडी चालवणाऱ्याला तिच्या बिघडत जाणाऱ्या पेडलची सवय होऊन गेलेली असते.

म्हणून ब्रेकचे निदान आणि या वेळचे काम मेकॅनिककडेच द्या, असे मी निःसंदिग्धपणे सांगेन. तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. ‘जपून चालवतो’ हा त्यावरचा उपाय नव्हे. जुन्या अनेक गाड्यांत ब्रेकचे सर्किट एकच असते आणि एका नळीला गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक जातात. तुमच्या गाडीत सर्किट एक आहे की दोन, हे मास्टर सिलिंडर पाहून त्यांच्याकडून समजून घ्या. काम चालू असताना तिथे थांबण्याची परवानगी मागा. मागचे ड्रम काढायचे झाल्यास 36 मिलिमीटरचा एक मोठा नट लागतो, तो साधारण 300 न्यूटन-मीटर इतका आवळावा लागतो, आणि नट सुटू न देणाऱ्या स्प्लिट पिनचे छिद्र जुळले नाही तर तो आणखी पुढे आवळून जुळवतात, कधीही मागे सैल करत नाहीत. असे बारकावे पुस्तिकेत छापलेले असतात, पण त्यामागची भीती कोणाला तरी तो नट आवळताना पाहिल्यावरच समजते. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने किंवा तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मेकॅनिक फुंकत असतील तर त्यांनाही सांगावे. हे एकदा जवळून पाहिल्यानंतर पुढच्या वेळी शू जवळ घेण्याचे काम तुम्ही करावे आणि पेडल कसे लागते हे त्यांना एकदा पायाने तपासायला द्यावे, याला माझी हरकत नाही.

तेलाच्या गळतीची गोष्ट वेगळी आहे. इथे घाई नको आणि मेकॅनिकही लगेच नको, कारण पहिले काम शोधाचे आहे आणि तुमच्या व्यवसायाला ते साजेसे आहे. इंजिनाची खालची बाजू चांगली पुसून काढा, रात्रभर खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरा आणि सकाळी डाग नेमके कशाच्या खाली पडले आहेत ते पाहा. डाग दोन्ही बाजूंच्या टॅपेट कव्हरखाली असतील, तर तिथले गॅस्केट (सांधा बंद करणारा थर) बदलणे सोपे आहे. मधोमध असतील, तर गाळणीच्या गोल झाकणाकडे पाहा. या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नसतो, नुसती जाळीची गाळणी असते. म्हणूनच त्याचे अडीच लिटर तेल दर 5,000 किलोमीटरला बदलावे लागते आणि त्या निमित्ताने ते झाकण वरचेवर उघडले जाते.

या झाकणापाशीच नवशिक्यांचा पहिला घात होतो. इंजिनाचा मुख्य ढाचा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे आणि झाकणाचे छोटे नट फक्त 7 न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, म्हणजे मनगटाच्या हलक्या जोराएवढे. गळती दिसली की माणसाचा हात आपोआप नट आणखी आवळायला जातो. अशाने स्टडचे आटे मरतात आणि थेंबाची धार होते. उपाय नव्या गॅस्केटचा, साफ केलेल्या पृष्ठभागाचा आणि लहान मापाच्या टॉर्क रेंचचा (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याचा) आहे. पाना विकत घेताना पैसे खर्चायचेच असतील, तर चकचकीत मोठ्या संचाआधी या रेंचवर खर्च करा. तेल इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून येत असेल, तर मात्र फ्लायव्हीलमागचे सील गेले असण्याची शक्यता आहे. त्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागते. बीटलचे इंजिन चार बोल्टवर गिअरबॉक्सला जोडलेले असते, म्हणून ते उतरवणे सोपे असल्याचे व्हिडिओत सांगतात आणि ते खरेही आहे. पण त्याचे वजन 100 किलोहून अधिक असते, आणि सील बदलताना क्रँकशाफ्टची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुढेमागे होणारी हालचाल शिम (पातळ चकत्या) घालून 0.07 ते 0.13 मिलिमीटरच्या आत बसवावी लागते. ही चूक तिसऱ्या जातीची आहे, तेव्हा ते काम मेकॅनिककडे जाऊ द्या. तोवर थेंब पडत असले तरी दर आठवड्याला पट्टी काढून तेलाची पातळी पाहत राहिलात आणि गळती वाढत नसली, तर आकाश कोसळत नाही.

टॅपेटचे काम मात्र तुम्ही शिकावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. या इंजिनाला ते वारंवार लागते, प्रत्येक वेळी गाडी दीड महिना अडकवून ठेवणे परवडणारे नाही, आणि त्याला ताकद नको, काटेकोरपणा हवा. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे, फट बहुतेक बीटल इंजिनांत 0.15 मिलिमीटर ठेवतात. तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेत पाहून घ्या. यातला धोका असा की सैल टॅपेट टकटक वाजते आणि आपले लक्ष वेधून घेते, पण प्रमाणाबाहेर घट्ट टॅपेट गप्प असते. झडप पूर्ण बसत नाही, तिची उष्णता बाहेर जात नाही आणि ती जळते. काम झाल्यावर इंजिन शांत झाले म्हणून समाधान मानणारा माणूस इथे फसतो. त्यामुळे आठही फटी बसवल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि सगळी मापे पुन्हा घ्या. बदल करण्यापूर्वी मिळालेली मापे तारखेसह वहीत लिहून ठेवा. ही वही तुमच्यासारख्या माणसाच्या हातात फार कामाची ठरेल: एखाद्या एक्झॉस्ट झडपेची फट प्रत्येक वेळी कमी भरत असेल, तर ती झडप ताणली जात आहे, आणि तुटून इंजिन फोडण्याआधी ती तुम्हाला इशारा देते आहे. बीटलमध्ये क्रमांक 3 च्या सिलिंडरवर विशेष नजर ठेवा. जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच्याकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत येतो, म्हणून तो अधिक तापतो. पहिल्या वेळी मेकॅनिकसमोर हे काम करा. त्यांनी फक्त शेवटी गेज घालून पाहावे.

आता तुमच्या मित्रमंडळाविषयी. हात काळे न करणारा शौकीन नव्हे, हे वाक्य मला स्पष्टपणे पटत नाही. जुन्या गाडीवरची माया ती नियमित चालवण्यात, तिचे आवाज ओळखण्यात आणि योग्य वेळी योग्य माणसाकडे नेण्यात असते. त्याच मंडळात असेही काही जण असतील, ज्यांनी मोठ्या उत्साहाने गाडी सुटी केली आणि ती अजून सुटीच आहे. जुन्या गाड्यांचा शेवट अपघातापेक्षा अशा अर्धवट उघडलेल्या अवस्थेत अधिक वेळा होतो, असे माझे मत आहे. म्हणून एक काम पूर्ण होऊन गाडी चालत्या अवस्थेत आल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हे पथ्य पाळा. प्रत्येक जोड सोडवण्याआधी फोटो काढा आणि स्क्रू-नट वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवा.

पैशांचा मुद्दा तुम्ही पत्रात ओझरताच मांडला आहे, तरी त्याचे उत्तर देतो, कारण इतर वाचकांनाही तो पडतो. स्वतः काम केल्याने मजुरी वाचते हे खरे. पण पहिल्या काही कामांत ती हत्यारे, चुकीचे मागवलेले भाग आणि आटे मेलेले बोल्ट यांत परत जाते. बचत नंतर सुरू होते, आणि तीही त्याच त्या कामांची पुनरावृत्ती होत राहिली तरच. तेल, प्लग, पॉइंट, टॅपेट, फॅनबेल्ट या नेमाने येणाऱ्या कामांत ती होईल. आयुष्यात एकदाच करायच्या कामासाठी महागडे हत्यार घेणे हिशेबात बसत नाही. तुमच्या गाडीला एक अनुकूलता अशी की बीटलचे उत्पादन मेक्सिकोत 2003 सालापर्यंत चालू होते आणि एकूण 2 कोटी 10 लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यामुळे सुटे भाग आणि छापील माहिती मिळते. दुर्मीळ गाडीच्या मालकाने मात्र हे सगळे अधिक बिचकत करावे, कारण तिथे तुटलेला एक भाग वर्षभर मिळत नाही.

मेकॅनिक निवडण्याविषयी थोडे. नव्या गाड्यांवर तयार झालेला माणूस स्कॅनर जोडून दोष वाचतो. जुन्या गाडीला स्कॅनर जोडायला जागाच नसते, त्यामुळे तिथे कानाने, हाताने आणि वासाने निदान करणारा माणूस लागतो. उघडण्यापूर्वी प्रश्न विचारणारा, आधी आणि नंतर स्वतः गाडी चालवून पाहणारा आणि काढलेले जुने भाग न मागता परत देणारा मेकॅनिक मिळाला असेल, तर तो सोडू नका. तुमच्या पत्रावरून तुमचे मेकॅनिक असेच दिसतात. तुमची खरी तक्रार त्यांच्या कौशल्याबद्दल नसून वेळेबद्दल आहे, आणि तिच्यावर वेगळा उपाय आहे. महिन्या-दीड महिन्यात प्रत्यक्ष काम किती दिवस चालते आणि भागांची वाट पाहण्यात किती दिवस जातात, हे त्यांना विचारा. पुष्कळदा दुसरा आकडा मोठा निघतो. तसे असेल तर त्यांच्याकडून निदान करून घ्या, लागणाऱ्या भागांची यादी त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या, भाग तुम्ही मागवा आणि सगळे हाती आल्यावरच गाडी आत न्या. काढलेले मूळ भाग टाकून देऊ नका. ऐतिहासिक वाहनांच्या फिव्हा या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 साली स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही नव्याने घडवण्यापेक्षा आहे ते जतन करण्यावर भर आहे.

पत्नीच्या धास्तीला तुम्ही पत्रात एका वाक्यात उडवून लावले आहे. मी ती गंभीरपणे घेतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका; भक्कम स्टँडवर ती टेकवा, जोराने ढकलून हलते का पाहा, आणि घरात कोणी नसताना गाडीखालचे काम करू नका. विजेच्या किंवा पेट्रोलच्या कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि सीटच्या स्प्रिंग तिच्या टोकांना टेकून ठिणगी पडू शकते, म्हणून त्यावर नीट बसणारे झाकण हवे. आणि इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या रबरी नळ्या आधी तपासा. जुने रबर तडकते आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ते लवकर खराब होते. नळीला बारीक भेगा दिसल्या किंवा हात लावल्यावर पेट्रोलचा वास राहिला, तर आजची इतर कामे थांबवून नळ्या बदला, कारण पेट्रोल गरम इंजिनावर पडून पेटले तर ढाच्यातल्या मॅग्नेशियमची आग विझवणे फार अवघड असते. अग्निशामक गाडीत ठेवाच, पण त्याच्या भरवशावर जुनी नळी ठेवू नका.

शिकण्याची सुरुवात टॅपेटआधी फॅनबेल्टपासून केलीत तर उत्तम. डायनमोच्या पुलीचे दोन भाग असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ शिम असतात. मधली एक शिम काढून बाहेरच्या बाजूला ठेवली की पट्टा घट्ट होतो, मध्ये घातली की सैल. हे हाताने एकदा करून पाहिल्यावर विसरत नाही. इंजिनाला थंड ठेवणारा पंखाही याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून प्रवासात चार्जिंगचा दिवा लागला तर गाडी लगेच बाजूला घेऊन पट्टा पाहायचा असतो. जादा पट्टा गाडीत ठेवा.

राहिला तुमचा संकोच. पॉइंट तुम्ही बदलल्याचे मेकॅनिकना अवश्य सांगा, आणि ब्रेकसाठी गाडी नेताना तुम्ही हात लावलेल्या प्रत्येक गोष्टीची तारखेसह चिठ्ठी द्या. त्यांना न सांगता बदललेला एखादा भाग त्यांच्या निदानाला चुकीच्या वाटेने नेतो आणि त्यात गेलेला वेळ तुमच्याच दीड महिन्यात मोडतो. सुरुवातीला ते कदाचित थोडे कुरकुरतील. तुम्ही बसवलेली पॉइंटची फट त्यांच्याकडूनच एकदा मोजून घ्या. बरोबर निघाली तर टॅपेटच्या वेळी शेजारी उभे राहण्याची परवानगी मागणे सोपे जाईल, आणि चुकलेली निघाली तर ती कुठे चुकली हे तिथल्या तिथे कळेल.